आमच्या टीव्हीत शिरलेले बैल

बैल पहिल्यांदा आले ते एका गुरुवारी दुपारी. आमच्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे मी आणि नवरा दोघंही घरात होतो. नसतो, तर सासूबाईंच्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. मी तर नक्कीच नाही.

आम्ही मोशीला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. नवरा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, मी भोसरीला एका लहानशा कंपनीत परचेस बघते. सासरे पिंपरीच्या एका जुन्या कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झाले, आणि सासूबाई अजून कशातूनच रिटायर झालेल्या नाहीत. टीव्ही त्यांचा. म्हणजे दिवाळीत आणला आम्ही, पण रिमोट त्यांच्या सुपारीच्या डब्याशेजारी असतो, आणि तिथून तो उचलायची घरात कुणाची हिंमत नाही.

तर त्या गुरुवारी जेवणं झाली होती. सासूबाईंची मालिका लागली होती. त्या मालिकेतल्या धाकट्या सुनेची स्मृती गेली होती, आणि आपल्याला जिन्यावरून कुणी ढकललं हे तिला आता, या क्षणी, आठवणार होतं. सगळं घर तिच्याभोवती उभं होतं. तिनं एकेकाकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडावर ढोलकीचा ठोका पडला, तिनं तोंड उघडलं, आणि पडदा काळा झाला. मधोमध एक गोल थोडा वेळ फिरला. मग धूळ उडाली आणि त्या धुळीतून दोन बैल शिंगं खाली घालून थेट आमच्या हॉलमध्ये आले. मागून कुणीतरी "भिर्रर्र" म्हणून अशी आरोळी ठोकली की सासऱ्यांच्या बशीतला चहा त्यांच्या लेंग्यावर सांडला.

"जाहिरात असेल," मी म्हणाले.

"कशाची?" सासूबाईंनी विचारलं.

"ट्रॅक्टरची," नवरा म्हणाला. हे उत्तर त्याला स्वतःलाही पटलं नसावं, कारण तो लगेच उठून टीव्हीच्या मागे बघायला गेला.

जाहिरात संपेना. एक जोडी घाट चढून गेली, दुसरी आली, तिसरी आली. घाट म्हणजे आमच्याकडे बैलगाडा शर्यतीची चढाची धावपट्टी. वर मंडपात माइकवर बसलेला माणूस धापा टाकत बोलत होता, जणू तोच पळतोय. सासूबाईंनी रिमोटवरची सगळी बटणं दाबली. आवाज वाढला, बाकी काही नाही. मग बैल जसे आले तसे आपणहून गेले आणि मालिका परत आली. तोवर त्या सुनेला आठवलंही होतं आणि तिनं सांगूनही टाकलं होतं. सगळे रडत होते.

"ह्या सगळ्यांना कळलं," सासूबाई पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "मला सोडून."

सासऱ्यांचं निदान तयार होतं. त्यांच्या मते बिघडलेली प्रत्येक वस्तू गरम झालेली असते. त्यांनी टीव्हीच्या पाठीवर, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवला, मान हलवली, आणि टीव्हीच्या डाव्या कुशीत एक चापट मारली. आमच्या जुन्या डबा टीव्हीला ते हाच उपचार करायचे. त्या टीव्हीला ढेरी तरी होती. हा पापडासारखा.

"बाबा, पॅनल जाईल," नवरा म्हणाला.

"मला शिकवू नकोस. मी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं मोजमाप करायचो."

"तेव्हापण चापट मारून करायचा का?"

सासरे उठून आत गेले. त्यांनी टेबल फॅन आणला आणि टीव्हीच्या मागे लावला. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरात टीव्हीला वारा होता आणि माणसांना नव्हता. वरच्या मजल्यावरही कुणीतरी काहीतरी ठोकत होतं, पण नव्या सोसायटीत कुणी ना कुणी कायम फर्निचर करत असतं, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

सोमवारी बैल परत आले. मी आणि नवरा कामावर होतो. नवऱ्याच्या लाइनवर कन्व्हेअर बंद पडलेला, तीन साहेब डोक्यावर उभे, हात ग्रीसनं भरलेले. अशात फोन वाजला. हात खराब म्हणून त्यानं मदतनिसाला सांगून फोन स्पीकरवर टाकला.

"बैल आलेत," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी कामात आहे."

"मग मी काय करू? दोन गेले, अजून दोन आलेत. मागं रांग लागलेली आहे."

मोठे साहेब दिल्लीकडचे. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "इनका खेत है क्या?" शेजारच्यानं, काही माहीत नसताना, हो म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून कंपनीत नवऱ्याला लोक अदबीनं वागवू लागले. चाकणला शेत आहे म्हणजे माणूस साधा नाही, असा तिथे समज आहे. दोघांनी तर त्याला जमीन विकायची आहे का तेही विचारलं.

पुढच्या गुरुवारी नवऱ्यानं हे प्रकरण कंपनीच्या पद्धतीनं हातात घ्यायचं ठरवलं. त्याच्या कंपनीत काहीही बिघडलं की पुन्हा पुन्हा 'का' विचारतात. मशीन का थांबलं, फ्यूज का उडाला, लोड का वाढला, असं विचारत विचारत मुळाशी जातात. त्यानं आम्हाला सगळ्यांना सोफ्यावर ओळीत बसवलं.

"टीव्हीवर बैल का दिसले?"

"कारण ते आले," सासूबाई म्हणाल्या.

"का आले?"

"शर्यत होती म्हणून."

"शर्यत का होती?"

"यात्रेचे दिवस आहेत."

इथे नवरा थोडा अडखळला. आपण मुळाशी पोचलो आहोत की भरकटलो आहोत, हे त्याला कळेना. त्यानं दुसरीकडून सुरुवात केली.

"बरं. बैल यायला लागले त्याच्या आधी घरात काय बदललं?"

सगळे विचारात पडले. पडदे तेच होते, वायर तीच होती, टेबल फॅन नंतर आला होता.

"माझा चष्मा," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं तो हसेल. पण कंपनीत कुठलंही कारण तपासल्याशिवाय खोडायचं नाही असा नियम आहे. दुपारी बैल आले तेव्हा त्यानं आईला चष्मा काढायला लावला.

"आता?"

"आहेतच. पण आता पांढरे ढग पळाल्यासारखे दिसतात."

"म्हणजे चष्मा नाही," नवरा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचं समाधान होतं.

शेवटी मी टीव्ही कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. दिवसभर सप्लायरशी बोलून बोलून मला आवाज कुठे चढवायचा आणि कुठे गोड करायचा ते बरोबर ठाऊक आहे. एका मुलीनं फोन घेतला. आवाजावरून ती नागपूरकडची वाटली.

"मॅडम, प्रॉब्लेम काय येतोय?"

"आपोआप दुसरं काहीतरी लागतं."

"काय लागतं मॅडम?"

मी आवाज खाली आणला. "बैल."

"सॉरी मॅडम?"

"बैल. बैलगाडा शर्यत."

तिनं काहीतरी शोधलं. मागे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे चित्र येत नाही, आवाज येत नाही, रेषा येतात आणि रंग फिके येतात, एवढेच पर्याय आहेत. मी कशात टाकू?"

आम्ही दोघींनी बराच विचार केला. शेवटी तिनं आम्हाला रेषांमध्ये टाकलं.

मेकॅनिक शनिवारी आला. मी हाफ डे घेतला होता. तो आला, बूट काढले, टीव्हीसमोर बसला, आणि टीव्ही एखाद्या शहाण्या मुलासारखा वागायला लागला. मालिका लागली, बातम्या लागल्या, बैलाचं शेपूटही दिसलं नाही. सासूबाई त्याला समजावत राहिल्या, "थांबा थोडं, येतील." तो थांबला. चहा झाला, पोहे झाले. सासूबाईंनी त्याला शर्यतीचं वर्णन करून सांगितलं, गाडीवान कसा उभा असतो ते हात वर करून दाखवलं, आणि आरोळी कशी असते तेही. मेकॅनिकनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"काकू, रेषा कुठं येतात?"

"रेषा नाहीत हो. बैल."

"इथं रेषा लिहिलंय."

काहीतरी केल्याशिवाय जाता येत नाही म्हणून त्यानं टीव्ही रीसेट केला. म्हणजे तो टीव्ही दुकानातून आला त्या दिवसासारखा कोरा झाला. मग त्याला पुढच्या घरून फोन आला आणि तो "आता भाषा निवडा आणि ओके करत जा" असं सांगून बूट घालायला लागला. भाषा निवडायचं काम सासऱ्यांनी केलं. यादी मोठी होती. त्यांनी मराठीवर यायला बटण दाबून धरलं, यादी भरधाव सुटली, त्यांनी घाबरून ओके दाबलं.

त्यानंतर आमच्या टीव्हीवर जी भाषा आली ती कुठल्या देशाची हे मला आजही माहीत नाही. अक्षरं इंग्रजीसारखी होती, पण कुणाच्या डोक्यावर ठिपके, कुणाला खाली शेपूट, आणि एकेक शब्द पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी, इंजिनीअर नवरा आणि टूलरूमवाले सासरे तिघं त्यापुढे हतबल होऊन बसलो. मग सासूबाई आल्या. त्यांनी रिमोट घेतला, खाली, खाली, उजवीकडे, ओके, आणि मालिका लावली.

"तुम्हाला वाचता येतं हे?" मी विचारलं.

"मी आधी तरी कुठं वाचत होते?" त्या म्हणाल्या. "चौथ्या घरात मालिका असते."

भाषा बदलायचं आम्ही मग मनावरच घेतलं नाही. त्या घरात काय लिहिलंय ते आम्हाला कळत नव्हतं आणि सासूबाईंना कळायची गरज नव्हती. फक्त आवाज कमी केला की पडद्यावर एक लांबलचक शब्द यायचा, आणि सासरे तो मोठ्यानं वाचायचे. जमेल तसा. त्यांना तो आवडायला लागला होता.

रीसेटनं बैलांना काही फरक पडला नाही. सोमवारी ते हजर.

आणि इथपासून घरातलं वारं फिरलं. आधी सासूबाई बैल आले की वैतागून स्वयंपाकघरात जायच्या. मग त्या तिथूनच डोकावायला लागल्या. मग खुर्चीत बसून बघायला लागल्या. एका संध्याकाळी मी घरी आले, पर्स ठेवतेय तोच त्या म्हणाल्या, "आज डावीकडचा जरा बुजला. घाटाच्या कडेला कुणीतरी छत्री उघडली मध्येच." मला वाटलं कुठल्या नातेवाइकाबद्दल बोलतायत. त्यांना आता जोड्या ओळखता येत होत्या. कुठला बैल सरळ धावतो, कुठला बाहेर ओढतो, कुठल्या गाडीवानाला उगाच घाई असते, सगळं ठाऊक. मालिकेचं नाव काढलं तर म्हणायच्या, "ती बाई अजून रडतेय. तिचं काय घाई नाही."

मधूनच बैलांच्या ऐवजी दुसरंही काही यायचं. कांद्याच्या रोपावरचा करपा कसा ओळखायचा, हे एका माणसानं शेतात उकिडवं बसून सांगितलं. एकदा एक कीर्तन आलं, पण ते अर्ध्यातच गेलं आणि परत बैल आले. नवऱ्याचं म्हणणं, टीव्ही हॅक झालाय. कुठल्या तरी देशात कुणीतरी बसून हे करतोय. सासऱ्यांनी विचारलं, कुठल्या देशातल्या माणसाला कांद्यावरच्या करप्याची काळजी असेल. नवऱ्यानं पासवर्ड बदलतो म्हणून सांगितलं, पण त्यासाठी कुठल्या तरी मेन्यूत जावं लागणार होतं आणि तो मेन्यू ठिपक्यांच्या भाषेत होता. खरं तर ते वायफायच्या डब्यावरून करायचं असतं हे त्याला नंतर आठवलं. तोवर बैल गेले होते, आणि बैल गेले की बिघाडाची आठवण राहत नाही, पाहुणे गेल्यासारखं घर शांत होतं.

मग तो गुरुवार आला. आम्ही सगळे जेवून बसलो होतो. मालिका चालू होती, सासूबाई तिकडे पाठ करून पालेभाजी निवडत होत्या, कारण बैलांची वेळ अजून व्हायची होती. पडदा काळा झाला, गोल फिरला. सासूबाईंनी खुर्ची वळवली. पण या वेळी बैल आले नाहीत. टीव्हीच्या मधोमध एक उंच, अरुंद मोबाइल उभा राहिला. म्हणजे कुणाच्या तरी मोबाइलचा पडदा जसाच्या तसा. मागे गुलालानं माखलेल्या बैलाचा फोटो, त्यावर ॲपची चित्रं, आणि ती चित्रं कुणीतरी अदृश्य बोटानं इकडून तिकडे सरकवत होतं.

आम्ही चौघं श्वास रोखून बघत होतो. बोटानं मेसेजचं ॲप उघडलं आणि अक्षरं उमटायला लागली. चुकत, खोडत, परत उमटत.

"आमचा टीवी खराब हाय. मोबाईल वरून लावलं का चालू झालं म्हनतोय पन दिसत काय न्हाई. दुकानदारानी फशिवलं. कुनी हुशार मानूस आसल तर पाठवा."

"बिचारा," सासूबाई म्हणाल्या.

मग कॅमेरा उघडला. बहुतेक त्याला बिघडलेल्या टीव्हीचा फोटो पाठवायचा होता. आणि आमच्या टीव्हीवर आम्हाला एक टीव्ही दिसला. अगदी आमच्यासारखा, त्याच मापाचा, आमच्यासारख्याच हॉलच्या त्याच भिंतीवर, फक्त काळाठिक्कर. एक जाडजूड हात चित्रात आला आणि त्या टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यात थाडकन चापट बसली.

त्याच क्षणी आमच्या डोक्यावर, छताच्या पलीकडे, थाडकन आवाज झाला.

आम्ही वर बघितलं. परत टीव्हीकडे बघितलं. हात वर गेला, चापट बसली, वर आवाज झाला.

"कोपऱ्यात नाही मारायची," सासरे हळहळत म्हणाले. "कुशीत मारायला पाहिजे."

मग तो कॅमेरा चुकून उलटा झाला असावा, कारण सगळा टीव्ही एका नाकानं भरून गेला. नाक, त्याच्यावर अर्धा चष्मा, खाली पांढऱ्या मिशा.

"वरचे आप्पा," सासूबाई म्हणाल्या आणि परत भाजी निवडायला लागल्या.

आप्पा म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांचीच. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं त्यांना इथे घरं दिली. पूर्वी त्यांच्या गोठ्यात शर्यतीचे बैल होते. आता बैल पुतण्याकडे खेडच्या बाजूला असतात आणि आप्पा चौथ्या मजल्यावर.

मी, नवरा आणि सासरे जिन्यानं वर गेलो. दार उघडंच होतं. आप्पा हॉलच्या मधोमध, एका हातात मोबाइल, दुसरा हात टीव्हीवर उगारलेला.

"या, या. कुनी पाठीवलं तुमाला? आत्ताच तर मेसेज टाकला," ते म्हणाले. लगेच माणसं आली याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

एवढ्यात माझा फोन वाजला. खालून सासूबाई.

"मला दिसताय तुम्ही सगळे," त्या म्हणाल्या. "ओढणी सारखी कर. आणि ह्यांना सांग, लेंग्याची नाडी लोंबतेय."

आप्पांच्या मोबाइलचा कॅमेरा चालूच होता. मी ओढणी सारखी केली आणि सासऱ्यांना निरोप दिला.

नवऱ्यानं आप्पांना सोफ्यावर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. तुमचा टीव्ही ठणठणीत आहे. तुम्ही मोबाइलवरून जे काही लावता, ते खाली आमच्या टीव्हीवर लागतं. आप्पांना हे पटायला वेळ लागला.

"मंजी माझे बैल तुमच्या घरात पळत व्हते?"

"हो."

"समदे?"

"सगळे. कांदासुद्धा."

"आन मी हितं या गरिबाला बडवतोय," आप्पा म्हणाले, आणि टीव्हीच्या कोपऱ्यावरून त्यांनी हलकेच हात फिरवला.

मग 'का' विचारायला सुरुवात झाली आणि नवऱ्याची कळी खुलली. आप्पांचा मोबाइल आमच्या वायफायवर का? कारण त्यांच्या घरातलं वायफाय बंद. बंद का? आतून काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, उत्तर दिलं. "म्या बंद करते. त्यो डबा दिसभर लुकलुक करतोय, कशाला? सून हापिसात गेली मंग घरात कुनाला पायजे इंटरनेट?"

त्यांची सून हिंजवडीला आयटीत आहे. ती सोमवारी आणि गुरुवारी ऑफिसला जाते, बाकी दिवस घरून काम करते. ती बाहेर पडली की काकू बटण बंद करायच्या. मग आप्पांचा मोबाइल बिचारा सवयीनं दुसरं ओळखीचं वायफाय शोधायचा, आणि त्याला आमचं सापडायचं. तिथे त्याला एकच टीव्ही दिसायचा, आमचा. नाव तेच, मॉडेल तेच, कारण दोघांनी दिवाळीत नाशिक रस्त्यावरच्या एकाच दुकानातून घेतलेला. मेकॅनिक शनिवारी आला तेव्हा सून घरी होती, वायफाय चालू होतं, म्हणून आप्पा त्या दिवशी आपल्या टीव्हीवर सुखानं शर्यत बघत होते.

राहता राहिला एक 'का'. आमच्या वायफायचा पासवर्ड आप्पांच्या मोबाइलला कुणी दिला? मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं सासऱ्यांकडे. माझा फोन अजून चालूच होता.

"मी दिला," फोनमधून आवाज आला. "रस्ता खणला तेव्हा त्यांची केबल तुटली होती, काकू विचारायला आल्या होत्या. साखर मागायला आल्या असत्या तर नाही म्हणाले असते का मी?"

काकूंनी सगळ्यांसाठी सरबत आणलं.

नवऱ्यानं उपाय सुरू केले. आप्पांचा डबा चालू केला, मोबाइलमधून आमचं वायफाय काढून टाकलं. काकूंच्या समाधानासाठी डब्याच्या लुकलुकत्या दिव्यांवर काळी टेप लावली. मग म्हणाला, दोन्ही टीव्हींना वेगळी नावं द्यायला हवीत. आप्पांनी विचार न करता त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या बैलाचं नाव सांगितलं आणि ते टीव्हीवर उमटल्यावर काकूंना आतून बोलावून दाखवलं. आमच्या टीव्हीला नवरा कंपनीतल्या मशीनसारखा नंबर द्यायच्या विचारात होता. सासऱ्यांना ते कोरडं वाटलं. त्यांनी आवाज कमी केल्यावर येणारा तो लांबलचक शब्द सुचवला, पण त्याचं स्पेलिंग कुणाला येत नव्हतं.

"नुसतं 'खालचा' लिही," फोनमधून सासूबाई म्हणाल्या. "आणि लवकर या, भाजी टाकायची आहे."

सोमवारी दुपारी मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"मालिका लागली आहे," त्या म्हणाल्या.

"मग बरं झालं ना."

"अख्खी लागली. मध्ये काहीच नाही."

संध्याकाळी घरी आले तेव्हा त्या दोघी, सासूबाई आणि वरच्या काकू, आमच्या सोफ्यावर बसल्या होत्या. काकूंना मालिका बघायची असते, वर दिवसभर बैल असतात. सासूबाईंना बैल बघायचे असतात आणि खाली मालिका. दोघींनी चहा पिता पिता तोडगा काढला होता. मालिका संपली की सासूबाई वर फोन करणार, "आप्पा, पाठवा," आणि आप्पा पाठवणार. त्यासाठी आमचं वायफाय त्यांच्या मोबाइलमध्ये परत घालावं लागलं. हे काम नवऱ्यालाच करायला लागलं. तो बूट न काढताच वर गेला.

सासूबाईंचा हा उत्साह बघून आप्पांनी एका गुरुवारी आम्हाला सगळ्यांना खरी शर्यत बघायला नेलं. राजगुरुनगरच्या पुढे एका गावाची यात्रा होती. पुतण्याचे बैल पळणार होते. आप्पांनी फेटा बांधला होता, आणि मंडपाखाली आमच्यासाठी पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. हलगी वाजत होती, भेळेचा वास येत होता, माइकवरचा माणूस पाहुण्यांची नावं घेत होता आणि त्यात एकदा "मोशीहून आलेले सायेब" म्हणून सासऱ्यांचा उल्लेख झाला. ते उभे राहून सगळ्या बाजूंना नमस्कार करत राहिले, शेवटी मी त्यांना बसवलं.

निशाण पडलं. गाडा सुटला. धूळ, आरोळी, खुरांचा दणका छातीत, आणि संपलं. बैल वर पोचलेसुद्धा. सासूबाई त्या वेळी पर्समधून रुमाल काढत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," आप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुतण्याचे बैल उत्तम पळाले होते.

"परत दाखवा म्हणावं."

आप्पांनी फेटा सावरला. "ताई, हितं परत न्हाई दावत," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "हितं येकदाच."

सासूबाईंना हा ढिसाळ कारभार वाटला. पुढच्या बाऱ्यांना, म्हणजे पुढच्या जोड्या धावल्या तेव्हा, मात्र त्यांनी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. रुमाल नाही, भेळ नाही, कुणाशी बोलणं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पुढे वाकून, दिवस उतरेपर्यंत त्या बसल्या होत्या, आणि शेवटी शेवटी तर माझ्या कानाशी "भिर्रर्र" असं काहीतरी ऐकू आलं. मी वळून बघितलं तर त्या गप्प. काकूही गप्प. दोघींपैकी कोण, ते मी विचारलं नाही.

परत येताना चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे ट्रकांमध्ये अडकलो. नवरा स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. पुढे माझ्या शेजारी आप्पा, म्हणजे मी आणि आप्पा दोघं मिळून एका सीटवर, कारण गाडी लहान आणि माणसं जास्त. मागे सासूबाई आणि काकू कुठली जोडी पहिली आली यावरून वाद घालत होत्या. सासूबाई म्हणत होत्या पांढरी, काकू म्हणत होत्या करडी. दोघींनाही स्वतःबद्दल पूर्ण खात्री होती. सासरे मध्ये झोपले होते आणि त्यांच्या चष्म्यावर धुळीचा थर होता. आप्पांना बरोबर उत्तर माहीत होतं, पण ते खिडकीबाहेर ट्रकांकडे बघत राहिले आणि पार मोशी येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.